हेडमास्तरांचे हेडमास्तर

ताडकळसच्या बाजूला चंद्रभान सरांसारखा नशीबवान माणूस दुसरा झाला नाही. आयुष्यात एकही काम त्यांना धड करता आलं नाही आणि त्याचा तोटा दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी झाला.

लहानपणी औत धरलं तर बैल त्यांना बांधाबाहेर ओढून न्यायचे. थोरला भाऊ बेजार झाला. शेवटी, हे घरी राहिलं तर जमीन पडीक पडंल म्हणून त्यानं यांना शाळेत घातलं. तिथं मात्र जम बसला. सरांचं पाठांतर दांडगं. एकदा ऐकलेलं वाक्य स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायचे. अर्थ विचारला तर तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्या आवाजात. एवढ्या भांडवलावर ते बी.ए., बी.एड. झाले आणि आबासाहेबांच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले.

आबासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. पूर्णेला त्यांची कापसाची जिनिंग होती, कालव्याखाली ऊस होता, आणि शाळा होती. या तिन्हींत ते फारसा फरक करत नसत. जुने हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा आबासाहेबांनी एकेका मास्तराला बंगल्यावर बोलावलं. चंद्रभान सरांना त्यांनी एकच विचारलं, "हेडमास्तर झालाव अन् शाळेत काही भानगड झाली, तर काय करताल?"

"तुमाला इचारीन."

"अन् मी गावात नसलो तर?"

"तुमी येईस्तोर थांबीन."

सर हेडमास्तर झाले. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवत होतो, बंगल्यावर मीही गेलो होतो, आणि हे संभाषण आबासाहेबांनीच पुढं कितीदा तरी हसून सांगितलेलं आहे. सरही ते सांगायचे. त्यांना तो गौरव वाटायचा.

पुढं शाळेला अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम मिळाला. मोटार आणि पंपाची दुरुस्ती. पोरांनी निम्मा वेळ वर्गात शिकायचं आणि उरलेला एखाद्या दुकानात, कारखान्यात जाऊन उमेदवारी करायची, म्हणजे खरं काम शिकायचं, असा सरकारचा बेत होता. सगळ्या मंजुऱ्या मिळाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की पोरांना दुकानात धाडायचं कसं, मालकाशी बोलायचं काय, हे एकाही हेडमास्तराला ठाऊक नाही. म्हणून नव्वद सालच्या दिवाळीच्या सुट्टीत परभणीला हेडमास्तरांचं प्रशिक्षण ठेवलं.

मला सरांनी सोबत नेलं, कारण पिशवी धरायला कुणीतरी लागायचं. शिकवायला पुण्याहून एक किडकिडीत गृहस्थ आले होते. मनापासून बोलायचे. दुकान कसं निवडावं, मालक पोराला नुसतं चहा आणायला तर पिटाळत नाही ना हे कसं ओळखावं, हेडमास्तरानं पंधरवड्याला जाऊन काय बघावं, पोराच्या बोटाला इजा झाली तर कुणी धावायचं, सगळं सांगत होते. समोर जिल्ह्यातले हेडमास्तर बसलेले. वसमतचे, गंगाखेडचे, जिंतूरचे. सकाळी ते बदल्यांच्या गप्पा मारत आणि जेवणानंतर झोपत. चंद्रभान सर तेवढे ताठ बसून ऐकत होते. त्या पुणेकरांना भाबडेपणानं वाटलं, निदान एकाच्या तरी डोक्यात शिरतंय.

शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, कुणी सारांश सांगेल का. सर उठले आणि सगळं प्रशिक्षण त्यांनी म्हणून दाखवलं. पुणेकर जिथं खोकले होते तिथं सरही थांबले. शेवटी पुणेकरांचंच वाक्य त्यांनी असं टाकलं की झोपलेले जागे झाले. "मालक नाही म्हणाला म्हणून आपलं काम संपत नाही. मुख्याध्यापकानं विद्यार्थ्यासाठी त्या दाराशी उभं राहिलं पाहिजे."

टाळ्या पडल्या. पुणेकरांचे डोळे पाणावले, आणि जिल्ह्यातल्या हेडमास्तरांना यापुढं चंद्रभान सरांनी शिकवावं असं तिथंच ठरलं. गाडीत येताना सर मला म्हणाले, "गुरुजी, लय सोपं हाय हे. कामून घाबरायलेत लोकं, कळंना."

आता आमच्या शाळेतली उमेदवारी कशी होती ते सांगतो. पहिल्या वर्गाची पोरं आबासाहेबांच्या जिनिंगवर गेली आणि सरकीची पोती उचलून आली. ती ओझ्यानं वाकली, म्हणून पुढच्या वर्गाला उसाची खुरपणी दिली. मोटारीशी त्यांचा संबंध एकदाच आला. आबासाहेबांच्या विहिरीतला पंप दोरानं वर ओढायचा होता, तो पोरांनी ओढला. तो दुरुस्त करायला आबासाहेबांनी परभणीहून मिस्त्री बोलावला. पोरांना लांब उभं केलं, मधे मधे येऊ नये म्हणून.

मी एकदा सरांना म्हणालो, "सर, हे खुरपणं कोणत्या विषयात बसतं?"

"कामाची सवय," सर म्हणाले. "कामाची सवय लागणं हा पहिला टप्पा हाय."

दुसरा टप्पा कधीच आला नाही. सर मात्र जिल्हाभर फिरत होते. धुवट पांढरा शर्ट, काखेत तक्त्यांची गुंडाळी. ती गुंडाळी बहुतेक वेळा माझ्याच काखेत असायची. जिथं जातील तिथं ते वाक्य, तोच खोकला, त्याच टाळ्या, आणि नंतर जेवणं. ऐकणाऱ्यांनी ते कधी खरं मानलं नाही, सांगणाऱ्यानंही नाही. त्यामुळं कुणाला त्रास नव्हता.

घोटाळा सेलूला झाला. तिथल्या प्रशिक्षणाला पार्वतीबाई नावाच्या एक हेडमास्तरीण आल्या होत्या. देवगाव फाट्याजवळच्या एका गावातली त्यांची शाळा. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेला. घरात शिकलेल्या त्या पहिल्याच. संस्थेतल्या दोन पार्ट्या कोर्टात भांडत होत्या. कुणाचाच माणूस बसवता येईना, म्हणून सगळ्यांत जुन्या शिक्षिका म्हणून चार्ज यांच्याकडं आलेला. सरांचं वाक्य झालं, टाळ्या झाल्या, आणि बाई उभ्या राहिल्या.

"सर, उभं राहायचं म्हणजे किती येळ?"

सभागृह हसलं. सरांना आजवर कुणी प्रश्न विचारलाच नव्हता. ते क्षणभर गडबडले, मग आवाज चढवून म्हणाले, "जितका वेळ लागेल तितका, बाई. आणि अडचण आली तर मी आहे."

बाई खाली बसल्या. त्यांनी ते खरं मानलं. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात त्या एकट्यांनीच.

त्या परत गेल्या आणि कामाला लागल्या. देवगाव फाट्याला रस्ते फुटतात, ट्रक थांबतात, म्हणून तिथं दुकानं बरी होती. त्यांनी एकेका मालकाला गाठून पोरं लावली. कुणी गॅरेजात, कुणी पंप दुरुस्तीला. बन्सीधर नावाचा एक जण पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचा. हात चांगला, तोंड कडू. त्यानं दोन पोरं घ्यायचं कबूल केलं. पोरं गेली. बन्सीधरनं नावं विचारली, गावातली आळी विचारली, आणि त्यातल्या नागसेन नावाच्या पोराला दारातूनच परत पाठवलं.

बाई विचारायला गेल्या तर म्हणाला, "दुसरं कोणतंबी पोरगं द्या, बाई. हे न्हाई. दुकानात माठ एकच हाय. गिऱ्हाईक गावातलं हाय. नामांतराचं काय चाललंय ते बघायलाव ना तुमी?"

सगळेच बघत होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून गावोगाव माणसं एकमेकांकडं बघेनाशी झाली होती. काही ठिकाणी त्याआधी घरं जळालेली होती. नागसेनच्या आईबापांनी तर पोराला सांगितलं, नको जाऊ, बारावी झाली तरी पुष्कळ. बाईंना मात्र सेलूचा शब्द आठवला. अडचण आली तर मी आहे. त्या एसटी बदलत बदलत देवगाव फाट्याहून आमच्या शाळेपर्यंत आल्या.

मी तेव्हा ऑफिसातच होतो. बाईंनी सगळं सांगितलं. सरांनी चहा मागवला.

"नाजूक विषय हाय, बाई," सर म्हणाले. "तुमी असं करा. त्या पोराला शाळेतच काहीतरी लावून द्या. प्रयोगशाळा झाडणं, बाकं पुसणं. दुकानात दुसरं पोरगं धाडा. मालक खूश, काम चालू."

"तुमी एकदा चलताव का बन्सीधरकडं? तुमचा शब्द ऐकंल तो. तुमी जिल्ह्याचे मोठे."

"मी?" सर खुर्चीत मागं सरकले. "माझं येणं बरोबर दिसणार न्हाई. आबासाहेबांना इचारावं लागंल. त्यांची तिकडं सोयरीक हाय."

"मंग सेलूला तुमी सांगितलं ते? दाराशी उभं राहा म्हणून?"

सरांनी त्यांच्याकडं खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं पाहिलं. बाईला एवढं साधं कळत कसं नाही, असं त्यांना वाटलं असावं. "ते प्रशिक्षण होतं, बाई," ते म्हणाले.

खिडकीतून आबासाहेबांचा ऊस दिसायचा. आमची पोरं त्यात वाकून खुरपत होती. बाईंनी विचारलं, "ही कोण पोरं?"

"उमेदवारीवर आहेत," सर म्हणाले.

बाईंनी चहा तसाच ठेवला, पदर सावरला आणि त्या निघाल्या. सर मला म्हणाले, "अशी माणसं हेडमास्तर झाल्यावर शिक्षणाचं काय होणार, गुरुजी?"

दुसऱ्या दिवसापासून पार्वतीबाई बन्सीधरच्या दुकानासमोर उभ्या राहायला लागल्या. पुढचं मला पुष्कळसं बन्सीधरनंच सांगितलं, आणि स्वतःच्या तोंडानं सांगताना त्याला काही कौतुक वाटत नव्हतं. शाळा भरायच्या आधी बाई यायच्या, पायरीच्या बाजूला उभ्या राहायच्या. घोषणा नाही, भांडण नाही. शाळा सुटली की पुन्हा यायच्या. दुकानातलं दुसरं पोरगंही त्यांनी काढून नेलं होतं. "दोघं येतील, न्हाईतर कोणीच न्हाई," एवढंच त्या बोलल्या.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. वीज कमी-जास्त होऊन मोटारी जळत होत्या. शेतकरी बैलगाडीत मोटार घालून यायचे आणि बाईंना बघून थबकायचे. कित्येकांची पोरं बाईंच्या हाताखालून गेलेली. "बाई, कामून उभ्या?" असं विचारायचे. बाई खरं तेच सांगायच्या. काही जण मान हलवायचे, काही जण तोंड फिरवायचे. एक म्हातारा तर बाईंना म्हणाला की तुम्हाला हे शोभत नाही. पण बाईंसमोर जोरात कुणालाच बोलता येईना, आणि त्यांच्यादेखत दुकानात बसून गप्पा मारताही येईना. बन्सीधरपुढं मोटारींचा ढीग लागला. हात दोनच. तो गिऱ्हाइकांवर चिडायला लागला, गिऱ्हाइकं त्याच्यावर.

एका सकाळी तो तार टाकून बाहेर आला. "घेऊन या त्याला," म्हणाला. "पण पाणी घरून आणायचं."

"पाणी दुकानातलं पील," बाई म्हणाल्या.

बन्सीधर आत गेला. नागसेन आला, दुसरं पोरगंही आलं. नागसेन पाण्याची बाटली घरूनच घेऊन यायचा. बाई नको म्हणायच्या, पण आईनं दिलेली बाटली तो ठेवून कशी येणार? महिना-पंधरवडा असाच गेला. पोरगं हुशार निघालं. तारेचे वेढे मोजताना त्याला चूक सापडायची, आणि बन्सीधर शिव्या देत का होईना, त्याला कठीण मोटारी द्यायला लागला. मग एका दुपारी बन्सीधरचे दोन्ही हात वार्निशनं भरलेले, घसा कोरडा, दुसरं पोरगं गावाला गेलेलं. "ए, पाणी दे," तो म्हणाला. नागसेन आपल्या बाटलीकडं वळला. बन्सीधर ओरडला, "गरम असंल ते. माठातलं दे." नागसेननं माठात तांब्या बुडवला आणि बन्सीधरच्या तोंडात पाणी ओतलं. त्यानंतर बाटली घरी राहिली. कुणी काही ठरवलं नाही.

ही गोष्ट हळूहळू वर पोचली. औरंगाबादच्या एका अधिकाऱ्यांना जिल्ह्यात एखादी उमेदवारी खरोखर चाललेली बघायची होती. त्यांनी आमच्या सरांना विचारलं. सरांनी स्वतःच्या शाळेचं नाव काढलं नाही, एवढी अक्कल त्यांना होती. "देवगाव फाट्याला चला साहेब," ते म्हणाले. "माझ्या प्रशिक्षणाचं फळ दाखवतो."

जीपमध्ये मी मागं होतो, तक्त्यांसकट. दुकानापुढं उतरल्यावर सरांनी साहेबांना सगळी हकिकत सांगितली. मालकाचा नकार, वातावरण, दाराशी उभं राहणं. ऐकणाऱ्याला वाटावं की उभं राहून सरांच्याच पायाला गोळे आले. पार्वतीबाई तिथंच होत्या. त्या सरांकडं बघत राहिल्या, नवीन जातीचं जनावर बघावं तशा.

साहेबांनी बन्सीधरला विचारलं, "सर किती वेळा आले होते तुमच्याकडे?"

बन्सीधरनं सरांना नीट निरखलं. "कोण, हे? ह्यायला तर मी आजच बघायलो."

मला वाटलं, आता जमीन फाटेल. काही झालं नाही. सर हसून म्हणाले, "आम्ही पडद्याआड असतो, साहेब." साहेबांनी घड्याळ पाहिलं. सेलूला जेवण तयार होतं. त्यांनी नागसेनच्या पाठीवर थाप मारली, बाईंना "छान, छान" म्हटलं आणि जीपमध्ये बसले. त्या वर्षी परभणीला चंद्रभान सरांचा सत्कार झाला. हारतुऱ्यांत त्यांनी तेच भाषण केलं, आता देवगाव फाट्याच्या गोष्टीसकट. बाईंना बोलावणंही नव्हतं.

पण ती गोष्ट सरांना महागात पडली, कारण ती ऐकून लोक विचार करायला लागले. आमच्या गावचा येडबा नावाचा एक जण, शेळ्या-मेंढ्या राखून थोडी जमीन करणारा, एके दिवशी ऑफिसात येऊन उभा राहिला. "सर, माझ्या अंगदनं तुमच्याकडं मोटारीचं शिक्षण केलं. काल हिरीवरची मोटार जळाली. म्हणलं, बघ रे बाबा. तर पोरगं रडायलं. म्हणतंय, मला खुरपं सोडून काही येत न्हाई. देवगावला तर पोरं मोटारी भरायलेत म्हणं. ते बी तुमीच शिकवलं म्हणतेत. मंग आमच्याच पोरायनं काय पाप केलं?"

सरांकडं पाठ केलेलं उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "आबासाहेबांच्या कानावर घालतो." आणि त्या दिवशी ते खरोखरच निघाले. मला सोबत घेतलं. वाटेत ते घोळून घोळून म्हणत होते, "आबासाहेब, पोरं आता उसात नकोत. आबासाहेब, पोरं दुकानात धाडू." एरवी न अडखळणारा माणूस चार शब्दांवर अडखळत होता. मला त्या वेळी क्षणभर वाटलं की आज हा माणूस बोलेल, आणि बोलला तर त्याचं सगळं माफ.

आबासाहेब बंगल्याच्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. "काय, चंद्रभान? काही भानगड?"

सर उभे राहिले. ओठ हलले. अडकित्त्याचा आवाज थांबला, आबासाहेबांनी वर पाहिलं.

"न्हाई," सर म्हणाले. "तुमची तब्येत इचारावं म्हणून आलो."

"बरी हाय की," आबासाहेब म्हणाले. "आल्यासरशी असं करा. जिनिंगवर माणसं कमी पडायलेत. तुमचा बारावीचा वर्ग उद्या धाडून द्या."

"जी," सर म्हणाले.

परतताना त्यांनी मला एकदाच विचारलं, "तुमाला वाटतं का गुरुजी, मी काही बोलायला पायजे होतं?" मी म्हणालो, हो. दुसऱ्या दिवशी वर्ग जिनिंगवर गेला, पण निम्माच. उरलेल्यांच्या आईबापांनी नावं काढून घेतली. येडबानं अंगदला देवगाव फाट्याला नातेवाइकाकडं ठेवलं आणि बाईंच्या ओळखीनं एका गॅरेजात चिकटवलं. पुढच्या वर्षी आमच्या अभ्यासक्रमाला पोरंच मिळाली नाहीत. तो बंद पडला. सरांनी वर कळवलं की या भागातल्या पालकांमध्ये व्यवसाय शिक्षणाची जाणीव नाही, आणि त्यासाठी पालकांचं प्रशिक्षण घ्यावं.

पार्वतीबाईंना मधे कुणीतरी सुचवलं होतं की तुम्ही हेडमास्तरांना शिकवा. बाई म्हणाल्या, शाळा सोडून मला कुठं जमतंय. कोर्टाचा निकाल लागला, संस्थेतल्या जिंकलेल्या पार्टीनं आपला माणूस आणला, आणि बाई पुन्हा वर्गावर आल्या. त्यांनी लावून दिलेली दुकानं मात्र चालू राहिली. मालकांनाच आता पोरांची सवय झाली होती.

चंद्रभान सर चौऱ्याण्णव साली निवृत्त झाले. नामांतर त्याच वर्षी संक्रांतीला झालेलं होतं. निरोप समारंभात आबासाहेबांनी शाल दिली. सर इतका वेळ बोलले की आबासाहेबच मधून उठून गेले. खुर्चीवर आबासाहेबांचे जावई आले.

सरांना घरी करमत नाही. शेतात भाऊ त्यांना उभं करत नाही. रोज सकाळी ते धुवट शर्ट घालून शाळेत येतात. जावयांनी त्यांना आत बसायची मनाई केली आहे, म्हणून ते ऑफिसबाहेरच्या बाकावर बसतात. चहा मिळतो. येणाऱ्या-जाणाऱ्या नव्या मास्तरांना थांबवून ते उमेदवारीचं महत्त्व सांगतात. मास्तर ऐकून घेतात आणि घंटा झाली की तासाला जातात.